लग्नाची घाई कुठून येते? घरातल्या वळणाचा अभ्यास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*साप्ताहिक स्वाध्याय : गृहस्थाश्रम*
_(गुरुवारच्या आरतीनंतर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. पंधरा-सोळा वर्षांवरच्या मुलामुलींनाही आवर्जून बसवावं.)_



तुळशीचं लग्न झालं की आपल्या ग्रुपवर बायोडाटा फिरायला लागतात. ग्वाल्हेरचं स्थळ बेळगावला जातं, हैदराबादचं इंदूरला, बडोद्याचं गोव्याला. त्यात वावगं काहीच नाही. चांगली घरं जोडली जातात, ही महाराजांचीच कृपा. पण जन्मतारखेच्या ओळीवर नजर गेली की कधी कधी थबकायला होतं. मुलगी आत्ता कुठे अठरा पूर्ण झालेली असते, शिक्षणाच्या पुढे "चालू आहे" असं लिहिलेलं असतं. मग प्रश्न पडतो, ही घाई नेमकी कुणाला झाली आहे?

गेल्या महिन्यात एका केंद्रात सत्संग संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मुलीला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. घरात कुणीही लग्नाचा विषय काढला नव्हता. मुलगीच म्हणत होती, "माझ्यासाठी स्थळ बघा." वडील खूश होते. मुलगी किती समजूतदार, आपल्या शब्दाबाहेर नाही, असं त्यांना वाटत होतं. ताईंना मात्र रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी एक दिवस भाजी निवडताना त्यांनी सहज विचारलं, "अगं, तुला खरंच लग्न करायचंय?" मुलगी खाली मान घालून म्हणाली, "तिथे निदान माझा मोबाईल रोज कुणी तपासणार नाही."

ताईंनी सांगितलं, "नाव-गाव न लिहिता हे सगळ्यांना कळू द्या. माझ्यासारख्या आणखी आया असतील." म्हणून हा पाठ.

लवकर लग्न म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आईवडिलांची जबरदस्ती येते. तशी ती असतेही. पण घाई दोन बाजूंनी येऊ शकते. कधी पालकांना मुलगी "उजवून टाकायची" असते, तर कधी मुलांनाच घराबाहेर पडायला एखादं दार हवं असतं आणि लग्न हे एकच दार आईवडील आनंदाने उघडतील हे त्यांना ठाऊक असतं. दोन्ही घाईंचं मूळ बऱ्याच वेळा एकाच ठिकाणी असतं, आपल्या घरातल्या वळणात.

*१. आधी कायदा आणि आकडे*

आपल्या देशात लग्नाचं किमान वय मुलीसाठी १८ पूर्ण आणि मुलासाठी २१ पूर्ण आहे. मुलीचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं होतं, पण ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असं लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला आणि होऊ देणाऱ्या पालकांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. (स्त्रियांना कैदेची शिक्षा देता येत नाही, दंड होऊ शकतो.) अशा लग्नाला हजर राहून सहभागी होणं आणि संस्थेच्या सदस्याने त्याला हातभार लावणं हेही या कायद्यात येतं. म्हणजे "आम्ही फक्त अक्षता टाकायला गेलो होतो" ही सबब पुरेशी नाही. ज्याचं लग्न लहानपणी लावलं गेलं त्याला सज्ञान झाल्यावर २ वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेता येतं. कर्नाटकाने तर आपल्या राज्यासाठी दुरुस्ती करून असं लग्न मुळातच निरर्थक ठरवलं आहे. बेळगाव भागातल्या सेवेकऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना विचारतात की तुमचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालं का. २००५-०६ मध्ये देशात शंभरातल्या ४७ जणींचं उत्तर "हो" होतं. २०१९-२१ मध्ये हा आकडा २३ वर आला. आपल्या केंद्रांच्या राज्यांत बघितलं तर मध्य प्रदेश आणि तेलंगणात सुमारे २३, महाराष्ट्र आणि गुजरातेत सुमारे २२, कर्नाटकात २१ आणि गोव्यात जेमतेम ६. म्हणजे सुधारणा मोठी झाली, पण बहुतेक ठिकाणी अजून पाचातली एक मुलगी आहेच.

गरिबी, शाळा लांब असणं, हुंड्याची भीती ही याची मोठी कारणं आहेत, ती नाकारून चालणार नाही. पण या पाठात आपण ज्या कारणावर आजपासून स्वतः काम करू शकतो, त्याच्याकडे बघू. शिवाय ही घाई १८ च्या आतच संपत नाही. अठरा वर्षं चार महिन्यांची मुलगी कायद्याने सज्ञान आहे. पण मोबाईलच्या जाचातून सुटायला म्हणून ती बोहल्यावर चढणार असेल, तर ते लग्नही लवकरच झालं म्हणायचं.

*२. चार घरं*

डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आईवडील मुलांना कसं वाढवतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी तीन प्रकार सांगितले. पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी चौथा प्रकार वेगळा करून दाखवला. अभ्यास तिकडचा असला तरी ही चारही घरं आपल्या गल्लीत सापडतात. आपण त्यांना आपली नावं देऊ. वाचताना शेजाऱ्याचं घर शोधू नका, आपलं शोधा.

*धाकाचं घर.* इथे नियम खूप आणि ऐकून घेणं कमी. "मी सांगतो म्हणून." मुलगी पाच मिनिटं उशिरा आली की प्रश्नांची सरबत्ती. मैत्रिणीकडे जायचं नाही, दार लावून बसायचं नाही. अशा घरात मुलं वरवर आज्ञाधारक असतात, पण आतून सुटकेची वाट बघतात. काही जण पळून जाऊन लग्न करतात. काही जण आईवडिलांनी आणलेल्या पहिल्याच स्थळाला "हो" म्हणतात, कारण नाही म्हणायची सवयच कधी लागलेली नसते. आपण त्या "हो"ला संस्कार समजतो. तो संस्कार असेलही, पण भीतीही असू शकते. कुठला "हो" कशातून आला, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

*लाडाचं घर.* इथे प्रेम भरपूर, पण मर्यादा नाही. मागितलं ते मिळालं, रडलं की नियम मोडला. अशा घरातल्या मुलाला थांबण्याचा सराव नसतो. विसाव्या वर्षी कुणी आवडली की लगेच लग्न हवं, आणि आईवडिलांना "नाही" म्हणता येत नाही. मुलगा उनाड निघाला तर आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे, "लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल." जे आपल्याला वीस वर्षांत जमलं नाही ते एकोणीस-वीस वर्षांच्या परक्या मुलीने सहा महिन्यांत करावं, अशी ही अपेक्षा! त्या मुलीचे आईवडीलही कुठल्या तरी केंद्रात आरतीला उभे असतील, एवढं आठवावं.

*दुर्लक्षाचं घर.* इथे धाक नाही आणि लाडही नाहीत, कारण वेळच नाही. दुकान, नोकरी, आजारपण, कर्ज. आणि स्पष्ट लिहायचं तर कधी कधी सेवाही. पारायण, अन्नदान, पालखी यांत आपण इतके रमतो की घरी मुलाने काय खाल्लं, कुणाशी बोलतो, परीक्षेत काय झालं, याची चौकशी राहून जाते. ज्याला घरी कुणी विचारत नाही, तो विचारणारं माणूस बाहेर शोधतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जो कुणी "जेवलीस का?" असं रोज विचारतो, तोच आयुष्यभराचा आधार वाटू लागतो. अशा वेळी त्या मुलीला दोष देणं सोपं असतं. "जेवलीस का?" हे आपण शेवटचं कधी विचारलं, हे आठवणं अवघड जातं.

*मायेच्या शिस्तीचं घर.* इथे नियम असतात, पण थोडे, आणि त्यांचं कारण सांगितलेलं असतं. मुलाला बोलू दिलं जातं, त्याचं पटलं तर नियम बदलतो, नाही पटलं तर प्रेमाने "नाही" सांगितलं जातं. इथल्या मुलांना घरातून सुटायची घाई नसते. शिकायला, चुकायला, पुन्हा उभं राहायला घर हीच भक्कम जागा असते. म्हणून लग्नाचा विचारही ती सावकाश करतात आणि आईवडिलांशी बोलून करतात.

कुठलंही घर पूर्ण एकाच प्रकारचं नसतं. एकाच घरात मुलासाठी लाडाचं वळण आणि मुलीसाठी धाकाचं, असंही सर्रास दिसतं. वडील धाकाचे आणि आई लपून लाड करणारी, असंही असतं. त्यात मुलं एवढंच शिकतात की खरं कुणालाच सांगायचं नसतं.

*३. आपली एक वेगळी भीती*

आपण बरेच जण पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहतो. घरात मराठी, दारात हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा कोकणी. आपल्या समाजाची घरं गावात मोजकी. त्यामुळे एक भीती आपल्या मनात कायम असते. "आत्ता आपल्यातलं चांगलं स्थळ आलंय, सोडलं तर पुन्हा येईल का? उद्या मुलीने कॉलेजात बाहेरचाच कुणी पसंत केला तर?"

ही भीती खोटी नाही. भाषा, कुळाचार, सणवार टिकावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या भीतीपोटी आपण धाक वाढवतो, आणि धाक वाढला की मुलं आणखी दूर जातात. म्हणजे जे टाळायचं तेच ओढवून घेतो. मराठीपण टिकवायचं तर ते मुलांना घरात आनंदाचं वाटलं पाहिजे. ज्या घरात मराठी फक्त रागावण्यासाठी वापरली जाते, त्या घरातली मुलं मनातलं बोलायला दुसरी भाषा निवडतात.

*४. एका घराची गोष्ट*

बडोद्याच्या भक्तांना ठाऊक असेल, महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्येच आपल्या राज्यात बालविवाहाविरुद्ध कायदा केला. त्यात मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६ होतं. आज हे कमी वाटतं, पण त्या काळी ते मोठं धाडस होतं. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, मुलींसाठीसुद्धा. नुसता कायदा पुरत नाही, मुलीला जायला शाळाही लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याच्याही आधीची गोष्ट मुंबईतल्या रखमाबाईंची. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं गेलं. पण घरच्यांनी त्यांना सासरी धाडण्याची घाई केली नाही. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे सुधारक विचारांचे. त्यांच्या घरी राहून रखमाबाई वाचत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी पत्नीला नांदायला पाठवावं म्हणून कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पतीने आपला हक्क सोडला. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतून सुरतेत व पुढे राजकोटमध्ये त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांची सेवा केली. त्यांच्या खटल्यावरून उठलेली चर्चा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागच्या कारणांपैकी एक होती.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अकराव्या वर्षी लग्न लावणारं घर आणि नंतर मुलीच्या पाठीशी उभं राहणारं घर, ही दोन्ही एकच होती. म्हणजे चुकलेलं घरही सावरू शकतं. "आमच्या हातून आधीच चूक झाली, आता काय उपयोग?" असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे मनात धरावं.

*५. ताईंच्या घरी काय झालं*

ताईंनी ते वाक्य मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते आधी चिडले. मग बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "मी तपासत नव्हतो गं, सांभाळत होतो." ते खरंच होतं. त्यांच्या चुलतबहिणीने लहान वयात पळून जाऊन लग्न केलं होतं आणि तिचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या भीतीने ते रोज रात्री मुलीचा मोबाईल हातात घेत. धाकाच्या मागे बऱ्याचदा अशी एखादी न बोललेली भीती असते. पण ती मुलांना दिसत नाही. त्यांना फक्त धाक दिसतो.

केंद्रातल्या ज्येष्ठांशी बोलून त्या घराने तीन गोष्टी ठरवल्या. एक, मोबाईल तपासणं बंद. त्याऐवजी कुठे जाते आणि किती वाजता येणार हे मुलीने आपणहून सांगायचं. दोन, वडिलांनी चुलतबहिणीची सगळी गोष्ट मुलीला सांगायची, उपदेश न करता. तीन, दर गुरुवारी आरतीनंतर पंधरा मिनिटं तिघांनी बसायचं आणि आधी मुलीने बोलायचं.

चमत्कार झाला असं नाही. पहिल्या दोन गुरुवारी मुलगी "काही नाही" एवढंच म्हणाली. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली की तिला बी.एस्सी. करायचं आहे, पण कॉलेज लांब म्हणून बाबा नाहीच म्हणतील असं समजून तिने विचारलंच नव्हतं. आता प्रवेश झाला आहे. स्थळं बघणं थांबवलं आहे. लग्न कधी, यावर ती "नंतर बघू" म्हणते. संध्याकाळी सातनंतर वडील अजूनही दारात येरझाऱ्या घालतात. पण आल्यावर पहिला प्रश्न "कुठे होतीस?" असा नसतो, "दमलीस का?" असा असतो.

*६. आपण काय करायचं*

जुने लोक सांगत की लहानपणी लाड करावेत, मग शिस्त लावावी आणि मूल सोळा वर्षांचं झालं की त्याच्याशी मित्रासारखं वागावं. पहिले दोन भाग आपल्याला पाठ असतात. तिसऱ्याशी आपण अडखळतो.

गुरूंकडे आपण कशासाठी जातो, तेही आठवून बघा. तिथे आधी आपल्याला बोलू दिलं जातं. आपलं रडगाणं, चुका, लाज वाटण्याजोग्या गोष्टी, सगळं ऐकून घेतलं जातं. मग जे सांगायचं ते स्पष्ट सांगितलं जातं, कधी कठोरपणेही. पण परत यायचं दार बंद होत नाही. म्हणून तर आपण पुन्हा पुन्हा जातो. जे आपल्याला गुरूंकडून मिळतं, त्यातलं थोडं आपल्या मुलांना आपल्याकडून मिळालं, तर तीही गुरुसेवाच आहे.

*या महिन्याचा नेम :*

१) रोज दहा मिनिटं मुलांचं ऐकायचं. मध्ये तोडायचं नाही, मार्क आणि मोबाईल हे विषय आपण काढायचे नाहीत.

२) घरातले नियम कागदावर लिहा. ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही, तो खोडा. मुलगा आणि मुलगी यांना वेगळे नियम असतील तर का, याचं उत्तर दोघांसमोर द्या.

३) स्थळ आलं तर आधी मुलाला किंवा मुलीला एकट्याने विचारा. "नाही" म्हटलं तर घरात रुसवेफुगवे होणार नाहीत, हे आधीच सांगा.

४) शिक्षण किंवा स्वतःची कमाई यातलं काय पूर्ण झाल्यावर लग्नाचा विचार करायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.

५) मुहूर्त किंवा पत्रिका घेऊन केंद्रात येताना वयाचा दाखलाही आणा. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर आपल्यापैकी कुणीही त्या लग्नाच्या तयारीत किंवा पंगतीत सहभागी होऊ नये. कुठे असं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ या मोफत क्रमांकावर सांगता येतं.

*चिंतनासाठी प्रश्न*

• वर सांगितलेल्या चार घरांपैकी आपलं घर आज कुठलं आहे? हे उत्तर आधी मुलांनी द्यावं, मग मोठ्यांनी.

• मुलांवरच्या माझ्या धाकामागे माझी कुठली भीती आहे? ती मी त्यांना कधी सांगितली आहे का?

• माझ्या मुलाने किंवा मुलीने मोठी चूक केली, तर ती सांगायला ते आधी कुणाकडे जातील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आईबाबांकडे" असं आलं, तर त्या घरात लग्न ज्या वयात व्हायचं त्या वयात, आनंदाने होईल. तसं आलं नाही तरी खचू नका. आजच्या गुरुवारपासून सुरुवात करा.

ज्या ताईंनी आपल्या घरची गोष्ट आपल्यासाठी उघड केली, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या लेकीच्या शिक्षणासाठी आज सगळ्यांनी एक माळ जप करावा.

पाठ वाचून झाल्यावर आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये पुढे पाठवा. मोठ्यांनी नुसता पुढे पाठवू नये, मुलांच्या शेजारी बसून वाचावा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏